चार नंबरला दिलेलं नाव

१

आमच्या आईचा एक नियम होता. दारावर कुणी आलं की ती आतून विचारायची, "कोण?" बाहेरून नुसतं "मी" आलं तर कडी निघायची नाही. "मी तर सगळेच असतात. नाव सांगा." दूधवाल्यापासून बाबांपर्यंत सगळ्यांना हा कायदा लागू होता. बाबा बिचारे ऑफिसातून दमून यायचे आणि स्वतःच्याच दारात उभं राहून "गोविंद" असं नाव सांगायचे. फक्त माझा धाकटा भाऊ अभिराम कधी बधला नाही. तो "मी" म्हणायचा. आई विचारायची, "मी कोण?" तो पुन्हा "मी". तिसऱ्यांदा "मी" आलं की आईलाच हसू फुटायचं आणि ती दार उघडायची. आज तो बत्तीस वर्षांचा आहे. आई-बाबा दोघंही गेले, दर्पण कॉलनीतल्या घरात आता आम्ही दोघंच राहतो, आणि तो अजूनही "मी"च म्हणतो.

हे आधी सांगायचं कारण असं की माझं पोट याच प्रश्नावर चालतं. ग्वाल्हेरच्या पडाव भागात माझं छोटं दुकान आहे. दवाखाने, शाळा, लहानमोठी ऑफिसं यांची कॉम्प्युटरची जाळी मी जोडून देते आणि बिघडली की शिव्या खात दुरुस्त करते. प्रॉक्सी सर्व्हर म्हणजे काय, असं गिऱ्हाइकाने विचारलं की मी त्याला आमची आई सांगते. ऑफिसातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला बाहेर इंटरनेटवर जायचं असेल तर सरळ जाता येत नाही, मध्ये हा बसलेला असतो. तो विचारतो, कोण? नाव आणि पासवर्ड बरोबर आला तर कडी काढतो. नाही आला तर एक आकडा तोंडावर फेकतो, चारशे सात. म्हणजे, आधी तू कोण ते सांग.

वीस वर्षं हे काम करते आहे. माझ्या धंद्यात प्रत्येक भूत शेवटी सैल वायर निघतं, असं मी लोकांना हसत सांगायचे.

२

मुरारच्या बाजारामागे एक तपासणी केंद्र आहे. रक्त, सोनोग्राफी, एक्सरे, सगळं एका छताखाली. चालवणाऱ्या डॉक्टर राजलक्ष्मी मॅडम आमच्यासारख्याच ग्वाल्हेरच्या मराठी, म्हणजे एरवी अर्धं वाक्य हिंदीत आणि रागावल्या की पूर्ण. तिथे चार नंबरच्या खोलीत अभिराम एक्सरे काढतो. दोन वर्षं घरी बसून काढल्यावर मिळालेली नोकरी. त्यामुळे तो तिला जपतो आणि मी त्याला जपते.

मे महिन्यात मॅडमनी मला बोलावून घेतलं. जूनमध्ये बाहेरून तपासणी पथक येणार होतं. केंद्रातून बाहेर गेलेला प्रत्येक कागद कुणी पाठवला ते नावानिशी दिसलं पाहिजे, अशी त्यांची अट. म्हणून मी जिन्याखालच्या कपाटात प्रॉक्सी बसवला आणि सतरा माणसांना सतरा नावं, सतरा पासवर्ड दिले. पहिले तीन दिवस तो चाचणीसाठी नुसता विचारायचा, अडवायचा नाही; चौथ्या दिवशी सकाळी अडवायला लावला. सोळा ठिकाणी काम सुतासारखं सरळ झालं. चार नंबर अडला.

"ताई, फिल्म जातच नाहीये," सकाळीच अभिरामचा फोन. "सहा पेशंट बाहेर बसलेत यार. इंदूरवाले डॉक्टर म्हणतात, भेजो तो सही."

इथे एक्सरे काढला की त्याची फिल्म इंदूरच्या एका डॉक्टरांकडे जाते आणि ते ती वाचून रिपोर्ट पाठवतात. फिल्म म्हणायचं फक्त, असतं ते कॉम्प्युटरवरचं चित्रच. हे चित्र पाठवणारा प्रोग्रॅम मशीनबरोबर आलेला, पंधरा वर्षांचा म्हातारा. बनवणाऱ्या कंपनीला टाळं लागूनही जमाना झाला. त्याला प्रॉक्सीचा प्रश्न कळतच नव्हता. नाव-पासवर्ड टाकायची खिडकीच त्याच्यात नाही. प्रॉक्सी विचारायचा, तू कोण? हा उत्तर न देता पुन्हा दार वाजवायचा. प्रॉक्सी प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवतो. त्या नोंदीत चार नंबरच्या नावावर चारशे सात, चारशे सात, पानंच्या पानं भरली होती.

ती पानं चाळताना एक ओळ वेगळी दिसली. आदल्या दिवशी दुपारी एक वाजून एकेचाळीस मिनिटांनी चार नंबरने उत्तर दिलं होतं. नावाची जागा रिकामी होती, पासवर्डचीही रिकामी होती, पण ते उत्तरच होतं. म्हणजे प्रश्न कळला होता आणि द्यायला नाव नव्हतं. खाली शोधलं तर त्याआधीच्या दोन दिवसांतही तशाच ओळी. सगळ्या दीड ते सव्वादोनमधल्या. बाकी दिवसभर तो प्रोग्रॅम मुका तो मुकाच.

दीड ते सव्वादोन जेवणाची सुट्टी असते. मशीन थंड व्हावं म्हणून चार नंबर तेव्हा कुलूपबंद असतो. किल्ली अभिरामच्या खिशात असते, आणि ते तिन्ही दिवस अभिराम माझ्यासमोर बसून डबा खात होता.

मी डोकं खाजवलं. जुना प्रोग्रॅम आहे, पडल्या पडल्या आतून काहीतरी आपोआप सुरू होत असेल. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, माणसं बरळायला लागतात तर मशीनचं काय घेऊन बसलात. मी पान उलटलं.

३

अशा मुक्या प्रोग्रॅमचा सरळ इलाज असा, की त्या मशीनलाच एक वेगळं नाव द्यायचं. 'चार नंबर' म्हणून. मी तसं सुचवलं.

राजलक्ष्मी मॅडमनी चष्मा काढला. "सीमंतिनी, पथकाने विचारलं की ये कौन है, तर मी काय सांगू? मशीन? मला माणसाचं नाव पाहिजे. तिथे अभिराम असतो ना? त्याचंच टाकून दे."

"मॅडम, मग त्या मशीनवर कुणीही बसलं तरी प्रॉक्सी त्याला अभिरामच समजेल."

"अगं, तिथे दुसरं बसतंच कोण?"

 सहा पेशंट, तापलेल्या मॅडम आणि भावाची नोकरी यांच्यापुढे मी जास्त वाद घातला नाही. मी जिन्याखाली जाऊन बसले आणि नियमांच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली. तिचा मराठीत अर्थ एवढाच होतो: चार नंबरमधून जो येईल तो अभिराम, त्याला विचारू नये.

आईच्या नियमाच्या बरोबर उलट. लिहिताना मला ते जाणवलंही होतं.

ओळ पक्की केली आणि त्याच क्षणी पहिली नोंद उमटली. अभिराम, दोनशे. दोनशे म्हणजे कडी निघाली, जा. मागोमाग दुसरी, तिसरी. मी खूश झाले. सकाळपासून अडकलेल्या फिल्मा जात असणार, असं म्हणून मी कपाट बंद केलं आणि वर जेवायला गेले. अभिराम टेबलावर माझा डबा उघडून, माझ्या वाटचं लोणचं संपवत बसला होता. घड्याळात पावणेदोन झाले होते.

४

तीन-चार दिवस बरे गेले. मग एका दुपारी जेवताना अभिरामने मोबाइल माझ्यापुढे सरकवला.

"ताई, तुझा प्रॉक्सी मला आत घेत नाहीये."

केंद्राचं वायफायही प्रॉक्सीतूनच जातं. स्क्रीनवर लिहिलं होतं, हा वापरकर्ता आधीच आत आहे. एका नावाने एका वेळी एकालाच आत सोडायचं, हा नियम मीच ठेवला होता, म्हणजे कुणी आपला पासवर्ड दुसऱ्याला देऊ नये. चार नंबरचं मशीन दिवसभर याच्या नावाने आत, मग याचा फोन बाहेर राहणारच. मी हसले.

"तो म्हणतोय तू आत आहेस."

"मी तर इथे पोळी खातोय."

"मशीन बंद करून आलास ना?"

"बंद है ना. ही बघ किल्ली."

तेवढ्यात काउंटरवरची नीलम पाण्याची बाटली भरायला आली आणि अभिरामला बघून थबकली. "भैया, आप यहाँ बैठे हैं? मुझे लगा अंदर पेशंट ले लिया. अभी तो आवाज़ आई आपकी."

"कौन सी आवाज़?" मी विचारलं.

"वही, जो दिन भर बोलते हैं."

छातीचा एक्सरे काढताना अभिराम जे म्हणतो ते सगळ्या केंद्राला पाठ आहे. साँस लीजिए. रोकिए. छोड़िए. श्वास घ्या, रोखा, सोडा; दिवसातून पन्नास वेळा, एकाच सुरात. घरी मी फार बडबडायला लागले की तो मला "रोकिए" म्हणतो आणि मीही खरंच गप्प बसून गाल फुगवते. आमचा लहानपणापासूनचा पोरखेळ, फक्त शब्द नवा. नीलमच्या कानात बसला असेल, म्हणून मी विषय सोडून दिला. कानात गाणं बसतं, तसं हे.

त्याच संध्याकाळी निघताना अभिराम हजेरीच्या रजिस्टरपुढे पेन हातात धरून उभा राहिला. जरा जास्तच वेळ. मी हाक मारली तेव्हा दचकला.

"काय विचित्र आहे ताई. सही करायची होती, हात थांबला. नावच सुचेना एक मिनिट." मग तो हसला. "गर्मी, और क्या."

सही न करताच तो बाहेर पडला. स्कूटरवर माझ्या मागे येऊन बसला. मी मात्र रात्रीच्या भाजीचा विचार करत होते, हे आता आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं वाटतं.

५

दुसऱ्या दिवशी इंदूरहून तक्रार आली. नीलमने मला काउंटरच्या मागे बोलावलं आणि आवाज खाली केला.

"दीदी, वो लोग कह रहे हैं खाली, आधी-अधूरी फिल्म क्यों भेजते हो. रोज़ एक. पेशंट के नाम में भैया का नाम लिखा है."

फिल्म कोण पाठवतं ती जागा आणि पेशंटच्या नावाची जागा, या जुन्या प्रोग्रॅमने एकात एक मिसळल्या असतील. मी तिला तसं समजावलंही. मग तिच्याच कॉम्प्युटरवर त्या फिल्मा एकेक करून उघडल्या.

पहिली, मी ती ओळ लिहिली त्या दिवशीची, वेळ एक पंचेचाळीस. नुसता राखाडी पडदा. दुसऱ्या दिवशीचीही तशीच, पण मध्यभागी जरा फिकट. तिसरीत दोन खांदे कळत होते. चौथीत फासळ्या आल्या, डावीकडे पूर्ण, उजवीकडे तीनच. हृदयाची सावली जिथे असते तिथे अजून काही नव्हतं.

"पेशंट हिल गया होगा," नीलम म्हणाली.

पाचवी कालची होती. छाती पूर्ण होती. हृदयही आलं होतं. आणि डाव्या कॉलरबोनवर, खांद्यापासून दोन बोटं आत, एक गाठ होती.

अभिराम नऊ वर्षांचा असताना माझ्या सायकलवरून पडला. मी चालवत होते, तो पुढच्या दांड्यावर. किल्ल्याच्या उतारावर मी ब्रेक सोडला, कारण तो "और तेज़, ताई" म्हणत होता. डावी कॉलरबोन मोडली आणि जुळताना तिथे गाठ राहिली. आजही त्याने बनियन घातलं की ती दिसते आणि दर वेळी मला अपराधी वाटतं. ती गाठ मी हजार माणसांत ओळखेन.

अभिरामला गाठून मी विचारलं, "तू स्वतःची फिल्म काढलीस का?"

"पागल आहेस का? उगाच कशाला किरणं खाऊ?"

"काल जेवणाच्या सुट्टीत?"

"काल जेवणाच्या सुट्टीत तू माझ्या डब्यातली भेंडी खात होतीस." तो हसत होता, पण चेहरा उतरलेला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "ताई, बरं वाटत नाहीये कालपासून. कुणी हाक मारली ना, की वाटतं मागच्याला मारली."

तेव्हा मला भीती वाटली. स्पष्टच सांगते. सैल वायर, गर्मी, जुना प्रोग्रॅम, सगळी कारणं मी एकामागून एक उचलून पाहिली आणि एकही त्या गाठीवर बसेना.

६

त्या दिवशी सुट्टीच्या आधी मी अभिरामला पडावला पाठवलं. दुकानातून वायर जोडायची एक डबी आणायची आहे म्हणून. डबीची काही गरज नव्हती, तो इथून लांब असावा एवढंच मला हवं होतं. चार नंबरची किल्ली मी मागून घेतली.

दीड वाजता केंद्र ओस पडलं. कूलरची खडखड तेवढी चालू होती. मी काउंटरमागच्या बोळातून चार नंबरपर्यंत गेले. ते दार शिसं लावलेलं, जाड, त्याला काच नाही. वर एक लाल दिवा असतो. फिल्म काढताना तो लागतो, म्हणजे कुणी आत शिरू नये.

दिवा लागलेला होता. कुलूप बाहेरून होतं.

मी कान लावला. आधी काहीच नाही. मग अगदी जवळून, दाराच्या पलीकडून, अभिरामचा आवाज आला.

"रोकिए."

त्याचाच सूर. मी पुढच्या शब्दाची वाट बघितली. पन्नास वेळा ऐकलेलं असलं की कान आपोआप पुढचं मागतो. पुढचा शब्द आला नाही. बराच वेळ गेला, छातीत कळ यायला लागली, आणि मग लक्षात आलं की मी स्वतःच श्वास रोखून उभी आहे. सोडायचा प्रयत्न केला तर सुटेना. दाराला एक लाथ घातली तेव्हा कुठे तो सुटला.

मी कुलूप काढलं. आत अंधार आणि एसीचा गारठा. ऑपरेटर जिथे उभा राहतो त्या काचेच्या मागे कुणी नव्हतं. समोर भिंतीशी, जिथे पेशंटला छाती टेकवून उभं करतात, तिथे कुणीतरी उभं होतं. पाठमोरं. हात कमरेवर, खांदे पुढे काढलेले, जसं अभिराम पेशंटला उभं राहायला सांगतो तसं. डावा खांदा किंचित खाली. सायकलवरून पडल्यापासून अभिराम असाच उभा राहतो.

मी पाहिलं ते एवढंच. त्याची मान वळायला लागली तेव्हा मी दार ओढून घेतलं.

जिन्याखालच्या कपाटापर्यंत कशी पोचले आठवत नाही. नियमांची फाइल उघडली, ती ओळ शोधली आणि पुसली. आता चार नंबरला पुन्हा प्रश्न विचारला जाणार होता आणि त्या मुक्याला उत्तर देता येणार नव्हतं. नोंदीच्या पानावर डोळे लावून बसले.

चारशे सात.

चारशे सात.

चारशे सात.

मग काही नाही. मी सुस्कारा टाकणार तेवढ्यात चौथी ओळ आली. वेळ एक बावन्न. चार नंबरने उत्तर दिलं होतं. नाव, अभिराम. पासवर्ड बरोबर. दोनशे.

तो पासवर्ड मी ठरवला होता. आई त्याला लाडाने ज्या नावाने हाक मारायची ते नाव आणि सायकलवरून पडला ते साल. माझ्याशिवाय आणि त्याच्याशिवाय तो कुणाला माहीत नव्हता.

मी अभिराम हे खातंच काढून टाकलं. सतरा नावांतलं एक नाव. बटणावर बोट ठेवल्यावर क्षणभर अडखळले. नुसतं खातं आहे, माझा भाऊ नाही, असं मोठ्याने म्हणाले आणि दाबलं. पुन्हा चारशे सात उमटले, एकापाठोपाठ एक. जोरजोरात दार वाजवावं तसे. मग ते थांबले. बोळात डोकावले तर लाल दिवा विझला होता.

मोबाइल वाजला. अभिरामच होता.

"ताई. मी."

"मी कोण?" भीती उतरली की माणूस फाजीलपणा करतो, तसा मी केला.

पलीकडे पडावची गर्दी, ऑटोवाल्यांची ओरड. बाकी काही नाही.

"अरे, बोल ना."

"मी, ताई." त्याला धाप लागली होती. "दुकान सापडत नाहीये. म्हणजे सापडलं, पण शेजारचे काका म्हणाले कोण पाहिजे, तर मला... डोकं फिरतंय माझं. घर चलते हैं ना? मी घरी येतो."

"ये. लगेच ये. ऑटो कर. मीही निघते."

७

मी स्कूटर हाणत घरी पोचले. लूच्या गरम झळा सुटल्या होत्या, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घरात शिरून कडी लावली, तोंडावर पाणी मारलं. फ्रिजमधलं पन्हं काढून दोन पेले भरले. त्याला बसवून प्यायला द्यायचं, उद्या डॉक्टरकडे न्यायचं, मॅडमना जाऊन सांगायचं की चार नंबरमध्ये तो पुन्हा पाय ठेवणार नाही. नोकरी गेली खड्ड्यात. दोन वर्षं घरी बसला होता, आणखी दोन बसेल, मी समर्थ आहे.

घंटी वाजली.

"कोण?" मी स्वयंपाकघरातूनच ओरडले.

"अभिराम."

तोच आवाज. माझे डोळे भरून आले. नाव आठवलं म्हणजे पोरगा शुद्धीवर आला. धावत जाऊन मी दार उघडलं, तर उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत गेली. दिसला तो निळा शर्ट, सकाळचाच. तो माझ्या बाजूने आत शिरला आणि सरळ त्याच्या खोलीत गेला. अंगाला गारवा होता. मी म्हटलं, ऑटोतून उतरून समोरच्या कडुनिंबाखाली जरा थांबला असेल. खोलीतला कूलर सुरू झाल्याचा आवाज आला.

"पन्हं आणते," मी म्हणाले. "पडून राहा जरा."

पेले ट्रेमध्ये ठेवले. एका पेल्यात वेलदोड्याची पूड जास्त पडली होती, ती चमच्याने काढत होते.

पुन्हा घंटी वाजली.

एकदा लहान, एकदा लांब. अभिराम शाळेत असल्यापासून अशीच वाजवतो.

"कोण?"

"मी."

माझ्या हातातला चमचा खाली पडला. बत्तीस वर्षांत अभिरामने या दारात स्वतःचं नाव कधी सांगितलेलं नाही. आईने कितीदा विचारलं तरी सांगितलं नाही. आणि मी, आईची मुलगी, लोकांची दारं राखून पोट भरणारी, नुसतं बरोबर नाव ऐकून कडी काढून मोकळी झाले.

मी दाराशी गेले. तोंडातून सवयीने तेच निघालं. "मी कोण?"

बाहेर नुसता श्वास ऐकू येत होता. माणूस शब्द शोधतो तसा.

"मी," तो म्हणाला. आवाजात रडू होतं. "ताई, ऊन खूप आहे. मी आहे ना."

दोनदा झालं. तिसऱ्यांदा आई हसून दार उघडायची. मला तर तिसऱ्याची गरजच नव्हती. मी कडीला हात घातला.

मागे कूलर बंद झाला. घर एकदम शांत झालं. त्याच्या खोलीचं दार उघडल्याचं मला ऐकू आलं, आणि मग अगदी माझ्या मागून, रोजच्या कामाच्या सुरात, आवाज आला.

"रोकिए."

माझा हात कडीवर आहे. छातीतला श्वास छातीत आहे. बाहेर माझा भाऊ तिसऱ्यांदा "मी" म्हणाला, ते मी ऐकलं. आता मागून 'छोड़िए' येण्याची मी वाट बघते आहे.